मुळाशी जाणारा आणि टोकाला जाणारा

महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक जुलै २०२५ मध्ये विधिमंडळात मंजूर झाले, तेव्हा कलमांइतकेच भांडण एका विशेषणावरून झाले. बेकायदा कृत्यांना आळा घालण्यासाठी आणलेल्या या विधेयकात ‘कडव्या डाव्या विचारसरणीच्या’ संघटना असे शब्द होते. चर्चेत मात्र कुणी त्याच अर्थाने ‘जहाल’ म्हणत होते, कुणी ‘कट्टर’, आणि इंग्रजीत विचार करायची सवय लागलेले सरळ ‘रॅडिकल’. एका बाजूचे म्हणणे असे की रॅडिकल माणूस आज ना उद्या बंदुकीपर्यंत पोचतोच. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की सरकारला प्रत्येक टीकाकाराला रॅडिकल ठरवायचे आहे. एक गोष्ट मात्र दोघांनीही न तपासता मान्य करून टाकली: रॅडिकल म्हणजे तापट, टोकाचा, धोक्याचा. कायद्याबद्दल कुणाचे मत काहीही असो, हे गृहीतक चुकीचे आहे आणि त्याने मराठीतल्या सार्वजनिक चर्चेचे नुकसान होते आहे. ‘रॅडिकल’ खोली सांगतो, उष्णता सांगत नाही. त्याला मराठीत ‘मूलगामी’ हा नेमका शब्द आहे. जहाल, कडवा, कट्टर, अतिरेकी हे सगळे वेगवेगळ्या गोष्टी मोजणारे शब्द आहेत. ते एकाच पिशवीत कोंबले की माणूस काय म्हणतो हे ऐकण्याआधीच तो किती मोठ्याने म्हणतो यावर निकाल लागतो.

शब्दाची कुळी आधी पाहू. लॅटिनमध्ये ‘रॅडिक्स’ म्हणजे मूळ. त्यावरून उत्तरकालीन लॅटिनमध्ये ‘रॅडिकॅलिस’, म्हणजे मुळासंबंधीचे, आणि तिथून चौदाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत ‘रॅडिकल’. मुळ्याला इंग्रजीत ‘रॅडिश’ म्हणतात तेही याच ‘रॅडिक्स’वरून, आणि आपण त्याला मुळा म्हणतो ते ‘मूळ’वरून. दोन भाषांनी एकाच भाजीकडे पाहून एकच गोष्ट टिपली. गणितातही तसेच. आर्यभटाच्या ४९९ सालच्या ग्रंथात वर्गमूळ काढण्याची रीत आहे. अरबी गणितज्ञांनी वर्गमुळाला ‘जिझ्र’ म्हटले, लॅटिनमध्ये ते ‘रॅडिक्स’ झाले, आणि तिन्ही शब्दांचा अर्थ झाडाचे मूळ. मुळाचे चिन्ह छापील पुस्तकात १५२५ मध्ये क्रिस्टॉफ रुडॉल्फ या जर्मन गणितज्ञाने आणले, त्याला इंग्रजीत आजही ‘रॅडिकल साइन’ म्हणतात. त्या चिन्हात कुणालाही जहालपणा दिसत नाही.

आता एक गंमतीची नव्हे, महत्त्वाची गोष्ट. बदलाचे विशेषण म्हणून आज आपण ज्या शब्दाकडे पाहतो, त्याचा सुरुवातीचा अर्थ बदलाच्या नेमका उलट होता. मध्ययुगीन युरोपातले वैद्य ‘रॅडिकल मॉइश्चर’ म्हणत, म्हणजे शरीरात जन्मापासून असलेला मूळ ओलावा. दिव्यात तेल असावे तसा तो असतो, तो संपला की आयुष्य संपते, अशी त्यांची समजूत. म्हणजे रॅडिकल ते, जे आधीपासून आत आहे आणि ज्याच्यावर बाकी सगळे उभे आहे. रसायनशास्त्रानेही हाच अर्थ घेतला. १७८७ मध्ये फ्रान्समध्ये गितों द मोर्वो, लव्हाझिए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रसायनांची नवी नावे बांधली, तेव्हा संयुगाचा जो गाभा एका पदार्थातून दुसऱ्यात जाताना अभंग राहतो त्याला ‘रॅडिकल’ म्हटले गेले. आपल्या शाळेच्या पुस्तकात यासाठी ‘मूलक’ हा सुंदर शब्द आहे. सल्फेट, नायट्रेट, अमोनिअम ही संयुक्त मूलके. आजूबाजूचे सगळे बदलले तरी हा गट एकसंध राहतो. पुढे १९०० मध्ये मोझेस गोम्बर्गने मिशिगन विद्यापीठात असा एक मूलक मोकळा, एकटा मिळवून दाखवला, आणि जोडीदार नसलेल्या इलेक्ट्रॉनमुळे असे मुक्त मूलक समोर येईल त्याच्याशी अभिक्रिया करायला टपलेले असतात हे हळूहळू कळत गेले. एकाच शास्त्रात, सव्वाशे वर्षांच्या आत, हा शब्द ‘न बदलणारा’ इथून ‘झटकन बदल घडवणारा’ इथपर्यंत आला. राजकारणात त्याच काळात तेच घडत होते.

अठराव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत इंग्लंडमध्ये ‘रॅडिकल रिफॉर्म’ हे शब्द जोडीने येऊ लागले. सुधारणा सगळ्यांनाच हवी होती. प्रश्न होता, कुठून सुरू करायची. मेजर जॉन कार्टराइटने १७७६ मध्येच मागणी केली होती की संसद दरवर्षी निवडली जावी आणि प्रत्येक प्रौढ पुरुषाला मत असावे. कर जास्त आहे, धान्य महाग आहे, युद्धे फार होतात या तक्रारी फांद्यांच्या. मूळ हे की ज्यांच्यावर कर बसतो त्यांना मत नाही. म्हणून ‘मुळाची सुधारणा’. या मागणीसाठी १६ ऑगस्ट १८१९ रोजी मँचेस्टरच्या सेंट पीटर्स फील्डवर सुमारे ६०,००० माणसे जमली. एवढ्या मोठ्या शहराचा स्वतःचा एकही खासदार संसदेत नव्हता. शस्त्र आणू नका, स्वच्छ कपडे घाला, शिस्तीत या, असे संयोजकांनी बजावले होते आणि लोक बायकामुलांसह रविवारच्या कपड्यांत आले. घोडदळाने तलवारी उपसून गर्दीत घोडे घातले. सुमारे १८ जण मेले, शेकडो जखमी झाले. वक्ता हेन्री हंट तुरुंगात गेला, आणि वर्ष संपायच्या आत सभा आणि वृत्तपत्रे आवळणारे सहा कायदे आले. ‘रॅडिकल’ ही शिवी म्हणून रूढ झाली ती या काळात. विचारवंत जेरेमी बेंथॅमला तर रॅडिकल विचार धोक्याचा नाही हे पटवण्यासाठी १८१९-२० मध्ये स्वतंत्र प्रबंध लिहावा लागला. त्या मैदानावर उष्ण कोण होते आणि खोल कोण होते? तलवार कुणाच्या हातात होती?

पुढे १८३८ मध्ये चार्टिस्टांनी (मताधिकारासाठी लढणाऱ्या ब्रिटनमधल्या कामगार चळवळीने) सहा मागण्या मांडल्या: सर्व प्रौढ पुरुषांना मत, गुप्त मतदान, खासदारकीसाठी मालमत्तेची अट नको, खासदारांना वेतन, समान मतदारसंघ आणि दरवर्षी निवडणूक. हेही रॅडिकलच ठरले. मालमत्तेची अट १८५८ मध्ये गेली, गुप्त मतदान १८७२ मध्ये आले, खासदारांना वेतन १९११ मध्ये, सर्व पुरुषांना मत १९१८ मध्ये. मतदारसंघही टप्प्याटप्प्याने समान होत गेले. सहातली एकच मागणी, दरवर्षीच्या निवडणुकीची, मागे राहिली. आज आपल्याकडे ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत जो माणूस पडद्याआड जाऊन बटण दाबतो, तो एकेकाळच्या रॅडिकलांचा कार्यक्रमच अमलात आणतो. हा संबंध नुसता उपमेपुरता नाही. जोसेफ ह्यूम हे ब्रिटिश संसदेतले नामांकित रॅडिकल खासदार. त्यांचे चिरंजीव ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांच्या पुढाकाराने डिसेंबर १८८५ मध्ये मुंबईच्या गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत काँग्रेसचे पहिले अधिवेशन भरले.

इथून मराठीकडे वळू, कारण आपला गोंधळ काँग्रेसच्याच भांडणातून आला आहे. सूरतच्या अधिवेशनात डिसेंबर १९०७ मध्ये पक्ष फुटला. इंग्रजीतल्या ‘एक्स्ट्रिमिस्ट’ आणि ‘मॉडरेट’ला मराठीने ‘जहाल’ आणि ‘मवाळ’ हे शब्द दिले. दोन्ही शब्द जिभेच्या आणि हाताच्या अनुभवातून आलेले आहेत: जहाल औषध, जहाल विष, आणि मवाळ म्हणजे मऊ. म्हणजे ही जोडी तीव्रता मोजते. टिळकांना हे पक्के ठाऊक होते. जानेवारी १९०७ मध्ये कलकत्त्याच्या भाषणात ते म्हणाले होते की हे दोन्ही शब्द काळाशी बांधलेले आहेत. आजचे जहाल उद्याचे मवाळ ठरतील, जसे आजचे मवाळ काल जहाल होते. तीव्रता नेहमी कशाच्या तरी तुलनेत असते, म्हणून ती पिढीगणिक सरकते. खोली तशी सरकत नाही. बालविवाहाच्या प्रश्नावर पाहा. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने मुलीच्या शरीरसंबंधासाठीच्या वयाची मर्यादा दहावरून बारा वर्षांवर नेली. परक्या सरकारने यात कायदा करू नये म्हणून टिळकांनी विरोध केला. आगरकरांनी १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढून घराच्या उंबरठ्याआतले प्रश्न, केशवपन, बालविवाह, स्त्रीशिक्षण, बुद्धीच्या कसोटीवर उभे केले. राजकीय तीव्रतेच्या मापाने जहाल टिळक, पण सामाजिक प्रश्नाच्या मुळाशी कोण गेले होते? आणि गोखले तर मवाळांचे अग्रणी. त्यांनी मार्च १९११ मध्ये सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. भाषा नम्र, आकडे तपासलेले, एकही शब्द चढा नाही. मागणी मात्र अशी की ती मान्य झाली असती तर जात, मजुरी आणि घरातली सत्ता तिन्ही हलल्या असत्या. ते विधेयक १९१२ मध्ये नामंजूर झाले. मवाळ आणि तरीही मूलगामी असणे शक्य आहे, याहून ठळक उदाहरण शोधायला नको.

यावर पहिला आणि सगळ्यात वजनदार आक्षेप असा: शब्दाचा अर्थ व्युत्पत्ती ठरवत नाही, वापर ठरवतो. हे पूर्णपणे खरे आहे. संस्कृतात ‘शिक्षा’ म्हणजे शिकणे-शिकवणे, हिंदीत आजही तेच. मराठीत शिक्षा म्हणजे दंड. स्मृतिग्रंथांत ‘साहस’ हा बळजबरीचा गुन्हा आहे, आपण मात्र लहान मुलांना साहसाबद्दल बक्षीस देतो. कुणी उठून म्हणाले की साहसी मुलाला स्मृतीप्रमाणे दंड करा, तर आपण ऐकणार नाही. मग ‘रॅडिकल’चे मूळ लॅटिनमध्ये ‘मूळ’ होते एवढ्यावर आजचा अर्थ कसा ठरवायचा? इंग्रजीत, विशेषतः २००५ च्या लंडनमधल्या बॉम्बस्फोटांनंतर, ‘रॅडिकलायझेशन’ म्हणजे माणूस दहशतवादाकडे ओढला जाणे हा अर्थ सरकारी अहवालांपासून बातम्यांपर्यंत पक्का झाला आहे. तो नाकारणे म्हणजे भाषेशी भांडणे.

तो मी नाकारत नाही. पण वापराचाच दाखला द्यायचा तर सगळ्या वापराचा द्यावा लागेल. त्याच इंग्रजीत ‘रॅडिकल रिफॉर्म’ आजही मूलभूत सुधारणा आहे, वनस्पतिशास्त्रात ‘रॅडिकल लीफ’ म्हणजे मुळापाशीच फुटल्यासारखे दिसणारे पान (मुळ्याचीच पाने पाहा), आणि फ्रान्समध्ये १९०१ साली स्थापन झालेला रॅडिकल पक्ष तर मध्यममार्गी दुकानदार, शिक्षक आणि शेतकऱ्यांचा पक्ष होता. तिथले लोक म्हणत की हे रॅडिकल मुळ्यासारखे आहेत, बाहेरून लाल आणि आतून पांढरे. म्हणजे इंग्रजीत, किंबहुना युरोपातल्या भाषांत, एकाच शब्दात चार-पाच अर्थ दाटीने राहतात आणि वाचक संदर्भाने वेगळे करतो. मराठीत त्यांना आधीपासून स्वतंत्र घरे आहेत. खोलीसाठी मूलगामी. तीव्रतेसाठी जहाल. न वाकण्यासाठी कडवा किंवा कट्टर. मर्यादा ओलांडण्यासाठी अतिरेकी. व्याप्तीसाठी आमूलाग्र. ज्यांच्या घरात पाच खोल्या आहेत त्यांनी शेजारी एका खोलीत राहतो म्हणून आपल्या चार बंद का कराव्यात?

यातला सर्वांत घातक घोटाळा ‘मूलगामी’ आणि ‘मूलतत्त्ववादी’ यांचा. दोन्ही शब्दांत ‘मूल’ आहे, म्हणून घाईत एकाजागी दुसरा पडतो. मूलतत्त्ववादी हा इंग्रजीतल्या ‘फंडामेंटलिस्ट’चा प्रतिशब्द, तो शब्द १९२० मध्ये अमेरिकेतल्या प्रॉटेस्टंटांनी स्वतःच स्वतःसाठी घेतला, कारण धर्माची काही मूलतत्त्वे वादापलीकडची आहेत असे त्यांना म्हणायचे होते. मूलतत्त्ववादी मुळाकडे परत जातो आणि त्याला हात लावू देत नाही. मूलगामी मुळाशी जातो तो ते उकरून पाहायला. दिशा एकच वाटते, पण एकाच्या हातात फुले असतात आणि दुसऱ्याच्या हातात कुदळ. म्हणूनच ‘रॅडिकलाइज्ड’ तरुणाला मराठीत ‘मूलगामी बनलेला’ म्हणणे साफ चूक आहे. तो बहुतेक वेळा प्रश्न विचारणे थांबवलेला असतो. त्याला ‘कट्टरपंथाकडे ओढला गेलेला’ म्हणावे. मराठी वाचकाला लगेच कळते.

आपल्याकडे एक म्हण आहे: ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ शोधू नये. मूलगामी विचाराविरुद्ध इतका प्रामाणिक युक्तिवाद दुसरा नाही. शोधायला गेलात तर जे पूज्य आहे ते फार साधे, कधी नकोसे निघेल. मग कशाला जाता? जोतीराव फुल्यांचे सगळे लेखन हे या म्हणीला दिलेले उत्तर आहे. १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मधली सर्वपरिचित साखळी नीट वाचली तर ती मुळाकडे जाण्याची पद्धतच आहे. समोर दिसते ते शूद्रांचे खचणे. ते कशाने? वित्त गेले म्हणून. वित्त का गेले? गती गेली. त्याआधी नीती, त्याआधी मती. आणि शेवटी एका अविद्येने हे सगळे अनर्थ केले. फुल्यांनी ही ओळ अविद्येपासून खाली उतरवली आहे; शोध मात्र उलट, खालून वर असा झालेला आहे. रोग्याची तक्रार ऐकून वैद्य जसा कारणाकडे सरकतो तसा. उपाय काय काढला? शाळा. बंदूक नाही, घोषणा नाही.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. मुळाशी जाऊ म्हणणाऱ्यांनी जगात रक्त सांडले आहे. कंबोडियात ख्मेर रूज या कम्युनिस्ट संघटनेने १७ एप्रिल १९७५ रोजी राजधानी नॉम पेन्ह घेतली आणि अख्खे शहर रिकामे करून लोकांना शेतांवर हाकलले. पैसा, बाजार, शाळा, सगळे मुळापासून नवे करायचे म्हणून. चार वर्षांच्या आत १५ ते २० लाख माणसे मेली. ‘ते खरे मूलगामी नव्हतेच’ असे म्हणून हात झटकता येणार नाहीत. मूलगामी विचार चुकू शकतो, आणि मूलगामी विचार करणारा माणूस हिंसेचे साधन निवडू शकतो. ‘मूलगामी’ हे प्रमाणपत्र नाही. पण म्हणूनच तर खोली, व्याप्ती आणि साधन यांना वेगळे शब्द हवेत. तिन्हींना एकच नाव दिले तर नेमके काय चुकले हे सांगायला भाषाच उरत नाही.

वैद्यकातले उदाहरण घ्या. स्तनाच्या कर्करोगावर विल्यम हॉल्स्टेडने जी शस्त्रक्रिया रूढ केली आणि जिच्यावरचा लेख १८९४ मध्ये प्रसिद्ध केला, तिचे नाव ‘रॅडिकल मॅस्टेक्टॉमी’. हॉल्स्टेडला शब्दाचा लॅटिन अर्थच अभिप्रेत होता: रोग मुळासकट काढणे. संपूर्ण स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतल्या गाठी एकसंध काढायच्या. छाती खोल जायची, खांदा आखडायचा, हात कायमचा सुजायचा. समजूत अशी होती की रोग एका जागेतून पायरीपायरीने बाहेर पसरतो, म्हणून जितके दूरवर कापू तितके मूळ निघेल. पाऊणशे वर्षे हे चालले. बर्नार्ड फिशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत १९७१ पासून १,६०० हून अधिक स्त्रियांवर चाचणी घेतली आणि पंचवीस वर्षे माग ठेवून २००२ मध्ये निष्कर्ष दिला: स्नायू न काढता केलेल्या लहान शस्त्रक्रियेपेक्षा मोठी शस्त्रक्रिया जगण्याच्या बाबतीत सरस नव्हती. पेशी फार आधीच रक्तातून गेलेल्या असू शकतात. मूळ चाकूच्या टप्प्यातच नसते. हॉल्स्टेडची शस्त्रक्रिया आमूलाग्र होती, म्हणजे मुळापासून शेंड्यापर्यंत सगळे घेणारी. मूलगामी ती नव्हती, कारण मूळ कुठे आहे याचे निदान चुकले होते. मराठी हे दोन शब्दांत सांगू शकते. इंग्रजीला त्यासाठी परिच्छेद लागतो.

शेतकऱ्याला हे सांगायला नको. हरळी माजलेल्या रानात खुरपे फिरवले तर वरची हिरवळ जाते आणि पंधरा दिवसांत रान पुन्हा हिरवे. मग कुणी म्हणते, बारीकच करून टाकू, आणि ओल असताना रोटाव्हेटर घालते. हरळी काशांवर वाढते. जमिनीखाली आडव्या धावणाऱ्या त्या पांढरट दोरीला बोटा-दोन बोटांवर पेर असते आणि प्रत्येक पेराला डोळा. रोटाव्हेटरने एका काशीचे वीस तुकडे केले की वीस रोपे होतात, आणि तीही रानभर पसरलेली. जास्त जोर, जास्त आवाज, जास्त डिझेल, फळ उलटे. मुळाशी जाणारा माणूस रब्बी निघाल्यावर खोल नांगरट करतो, ढेकळे उलटी पडू देतो, एप्रिल-मेचे ऊन काशांना लागू देतो, मग कुळवाने त्या वर ओढून वेचून बांधाबाहेर नेतो आणि जाळतो. लव्हाळा असेल तर तेवढ्यानेही भागत नाही, कारण त्याच्या गाठी आणखी खाली, एकीला एक जोडलेल्या असतात; त्याला सलग दोन-तीन हंगाम लागतात. हे काम सावकाश आहे, कंटाळवाणे आहे. त्याला कुणी जहाल म्हणणार नाही.

सार्वजनिक जीवनातही अशीच उदाहरणे आहेत, आणि ती आपल्याच मातीतली आहेत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ मध्ये लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेले भाषण मंडळाला झेपले नाही, अधिवेशनच रद्द झाले. त्या भाषणात त्यांनी सहभोजन अपुरे ठरवले, आंतरजातीय विवाह हा खरा उपाय म्हटले, आणि त्याच्याही खाली जाऊन विचारले की लोक हे का करत नाहीत. उत्तर होते शास्त्रांचे पावित्र्य. याहून खोल त्या काळी कुणी गेले नव्हते. आणि याच माणसाने २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत सांगितले की आता संविधानाचे मार्ग खुले आहेत, तेव्हा रक्तरंजित मार्ग तर सोडाच, असहकार, कायदेभंग, सत्याग्रहही बाजूला ठेवा. विचाराची कमाल खोली आणि साधनाचा कमाल संयम एकाच ठिकाणी. त्यांना ‘कडवे’ म्हणाल की ‘मवाळ’? दोन्ही शब्द तोकडे पडतात.

मानवेंद्रनाथ रॉय यांचा प्रवासही हेच सांगतो. १९१५ मध्ये जर्मन शस्त्रे मिळवण्यासाठी देशाबाहेर पडले तेव्हा ते सशस्त्र क्रांतिकारक होते. ‘रॅडिकल’ हे नाव त्यांनी पक्षाला दिले ते १९४० मध्ये, तुरुंगवास भोगून, विचार बदलून आल्यावर. आणि डिसेंबर १९४८ मध्ये तो पक्षच विसर्जित केला, कारण सत्तेसाठीचे पक्ष हेच लोकशाहीच्या रोगाचे एक मूळ आहे असे त्यांना वाटले. वाईच्या तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींसारखा प्रकांड पंडित या विचाराकडे ओढला गेला तो त्यातल्या आगीमुळे नाही. रॉय जसजसे शांत होत गेले तसतसे रॅडिकल होत गेले.

आणि कूळकायदा? १९४८ च्या मुंबई कूळवहिवाट व शेतजमीन कायद्यात १९५६ ची दुरुस्ती झाली, आणि १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन धरून कूळ कसत असलेल्या जमिनीचा खरेदीदार मानला गेला. किंमत शेतजमीन न्यायाधिकरणाने ठरवायची, आकाराच्या (म्हणजे शेतसाऱ्याच्या) २० ते २०० पटींत, हप्त्यांनी फेडायची. जमिनीची मालकी हे गावातल्या सत्तेचे मूळ. त्याला कलमाने हात घातला. जिथे बिघडले ते का बिघडले, तेही पाहण्यासारखे आहे. पीकपाहणीत कुळाचे नाव लावलेच नव्हते, काही ठिकाणी तारखेआधीच ‘स्वखुशीने’ जमीन सोडल्याचे अर्ज घेतले गेले होते. कायदा पुरेसा जहाल नव्हता म्हणून हे झाले नाही. तलाठ्याच्या दप्तरातली नोंद हे आणखी खालचे मूळ होते, आणि तिथपर्यंत तो सगळीकडे पोचला नाही.

तिसरा आक्षेप व्यवहारातला आहे: ‘मूलगामी’ पुस्तकी शब्द आहे, बातमीत बसत नाही. मान्य, मथळ्यात तो जड होतो. पण मग ‘मुळाला हात घालणारा’, ‘मुळापासूनचा’ हे शब्द कुणाला जड आहेत? ‘पाळेमुळे खणणे’, ‘मुळावर घाव घालणे’ हे तर चावडीवरचे बोलणे आहे. मजकुरात ‘रॅडिकल’ आला की अनुवादकाने तीन गोष्टी विचाराव्यात. हा शब्द कारणाच्या खोलीबद्दल आहे का? असेल तर मूळ हा शब्द वापरा: ‘करव्यवस्थेत मुळापासून बदल’. तो वागण्याबद्दल आहे का? मग वागणेच लिहा: ‘दगडफेक करणारा गट’, ‘सशस्त्र गट’, विशेषण हवेच कशाला? तो शास्त्रीय संज्ञा आहे का? मग त्या शास्त्रातला शब्द घ्या, मुक्त मूलक. एकच प्रतिशब्द सगळीकडे चिकटवला तर काय होते याचा नमुना ‘रॅडिकल फेमिनिझम’. साठ-सत्तरच्या दशकांत अमेरिकेतल्या या स्त्रियांचे म्हणणे असे होते की स्त्रीच्या दुय्यमत्वाचे मूळ फक्त कायद्यात किंवा वर्गात नाही, ते घरातल्या आणि शरीरावरच्या पुरुषसत्तेत आहे. हा कारणाबद्दलचा सिद्धांत आहे, पटो न पटो. मराठीत त्याचे ‘जहाल स्त्रीवाद’ असेही भाषांतर होते. त्यात सिद्धांत गळून गेला आणि फक्त राग उरला. मग चर्चा काय होणार? बाई इतक्या चिडल्या का, एवढीच.

जनसुरक्षेच्या वादातही हेच झाले. खून, खंडणी, भूसुरुंग, शस्त्रसाठा, धमकी या प्रत्येकाला मराठीत नाव आहे आणि प्रत्येकाचा पुरावा देता येतो. त्यांचा बंदोबस्त हवा, यावर कोणत्याही समंजस माणसाचे दुमत नसावे. गडचिरोलीत जमिनीचे, जंगलाचे, खाणीचे हक्क कुणाचे हा प्रश्न मात्र वेगळा आहे, आणि तो ग्रामसभेत बसून, वनहक्क कायद्याचे कलम हातात घेऊन विचारणारा माणूस मुळाशी जातो आहे. खून-खंडणी करणाऱ्याला कायदा कृतीवरून ओळखू शकतो. हक्कांचा प्रश्न विचारणाऱ्यालाही त्याच दोरीने बांधायचे नसेल, तर ‘कडवा’ म्हणजे काय, तो कुणी मोजायचा आणि कोणत्या कृतीवरून, हे कलमातच लिहावे लागेल.